स्मार्टकार्डाचा पुरवठादार निवडताना

ओळख पटवणारे स्मार्टकार्ड म्हणजे एक छोटा संगणकच असतो. प्लास्टिकमध्ये बसवलेल्या चिपमध्ये प्रोसेसर, मेमरी आणि ऑपरेटिंग सिस्टिम असते. धारकाची गुप्त किल्ली चिपमध्येच राहते. डिजिटल सहीसाठी लागणारे गणित आतच होते आणि बाहेर येते ते फक्त उत्तर. कार्डावर चालणारे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना चिपच्या आत डोकावता येत नाही, त्यामुळे त्यांना पुरवठादारावर विसंबावे लागते. अनेकदा चिप एका कंपनीची, ऑपरेटिंग सिस्टिम दुसरीची आणि नाव, छायाचित्र व किल्ल्या भरण्याचे काम तिसरीचे असते. म्हणून कोणता भाग कोणाचा आहे आणि त्याची जबाबदारी कोणावर आहे, हे निवडीच्या वेळीच लेखी ठरायला हवे.

पहिली कसोटी खुल्या मानकांची. रीडरमध्ये घालून चालणाऱ्या कार्डांसाठी आयएसओ 7816 आणि जवळ धरून वाचल्या जाणाऱ्या कार्डांसाठी आयएसओ 14443 ही मानके आहेत. पण एवढ्यावर भागत नाही. फाइलींची रचना आणि किल्ल्या भरण्याच्या आज्ञा प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असल्या, तर पुरवठादार बदलताना सॉफ्टवेअरचा बराच भाग नव्याने लिहावा लागतो. जावा कार्ड आणि ग्लोबलप्लॅटफॉर्म या मानकांमुळे ही अडचण कमी होते. भारतात वाहन परवाना आणि वाहन नोंदणीच्या स्मार्टकार्डांसाठी आयआयटी कानपूर आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी ‘स्कोस्टा’ हे मानक तयार केले. त्याचा तपशील खुला असल्याने एकाहून अधिक कंपन्यांना तशी कार्डे बनवता येतात आणि खरेदीदार एकाच कंपनीच्या दावणीला बांधला जात नाही.

दुसरी कसोटी सुरक्षेच्या प्रमाणपत्राची. ‘कॉमन क्रायटेरिया’ पद्धतीत स्वतंत्र प्रयोगशाळा चिपची तपासणी करते. असे प्रमाणपत्र आवश्यकच आहे, पण पुरेसे नाही, हे एस्टोनियाच्या अनुभवावरून कळते. तेथील ओळखपत्रांत इन्फिनिऑन कंपनीची प्रमाणित चिप होती. चेक प्रजासत्ताकातील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांना 2017 मध्ये त्या चिपच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला. आरएसए किल्ली तयार करताना निवडल्या जाणाऱ्या मूळ संख्यांना एक ठरावीक घडण होती. त्यामुळे सर्वांना उपलब्ध असलेल्या सार्वजनिक किल्लीवरून गुप्त किल्ली काढता येण्याचा धोका निर्माण झाला. सुमारे साडेसात लाख कार्डे यात सापडली. देशाची लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास. नोव्हेंबर 2017 मध्ये या कार्डांवरील डिजिटल प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली. तरीही सगळी कार्डे बदलावी लागली नाहीत. चिपमध्ये आरएसएऐवजी वापरता येणाऱ्या इलिप्टिक कर्व्ह पद्धतीची सोय होती आणि कार्ड इंटरनेटवरून अद्ययावत करता येत होते, म्हणून अनेकांनी हे काम घरबसल्या उरकले.

यातूनच तिसरी कसोटी पुढे येते: दोष निघाल्यावर कार्ड दुरुस्त करता येते का? कार्ड वर्षानुवर्षे लोकांच्या खिशात राहते. तेवढ्या काळात आजची पद्धत कमकुवत ठरू शकते. म्हणून दुसऱ्या पद्धतीकडे वळण्याची सोय चिपमध्ये सुरुवातीपासूनच हवी.

चौथी कसोटी किल्ल्यांच्या ताब्याची. एस्टोनियाच्या पोलिस व सीमा रक्षक विभागाने 2018 मध्ये कार्ड पुरवणाऱ्या जेमाल्टो कंपनीविरुद्ध 15 कोटी 20 लाख युरोंचा दावा लावला. करारानुसार किल्ल्या चिपच्या आत तयार व्हायला हव्या होत्या, पण काही किल्ल्या बाहेर तयार केल्या गेल्या, असा विभागाचा आक्षेप होता. वाद पुढे तडजोडीने मिटला. किल्ली बाहेर तयार झाली की तिची प्रत कुठे उरली नाही, याची खात्री देणे कठीण होते. म्हणून किल्ली कुठे तयार होते हे तपासण्याचा आणि कार्डाच्या मुख्य किल्ल्या आपल्या ताब्यात ठेवण्याचा हक्क खरेदीदाराने करारातच मिळवावा.

निविदेपूर्वी नमुना कार्डे, विकासाची साधने आणि संपूर्ण दस्तऐवज मागवून सॉफ्टवेअर त्यांवर प्रत्यक्ष चालवून पाहावे. दोष कळताच ठरलेल्या मुदतीत कळवणे, चिपचे उत्पादन थांबवण्यापूर्वी पुरेशी सूचना देणे आणि करार संपल्यावर किल्ल्या व माहिती सुपूर्द करणे, ही कलमे करारात असावीत. कार्डाच्या किमतीची तुलना या सर्व कसोट्यांवर उतरलेल्या पुरवठादारांमध्येच करावी.