पिशवी, पाळी आणि आईचे हृदय

पालकसभा संपल्यावर काही माता माझ्या खोलीत थोडा वेळ बसतात. मुलांचे बोलून झाले की घरचे विषय निघतात. त्यात एक वाक्य मी कितीदा तरी ऐकले आहे : "मॅडम, पिशवी काढून टाकली, कटकट मिटली." बोलणारीचे वय कधी ३५, कधी ३८. कटकट खरोखर मिटते का, हे सांगण्यासाठी हा लेख. वरच्या वर्गांतील मुलामुलींनीही तो वाचावा. यात लाजण्यासारखे काही नाही.

स्त्रीच्या अंडाशयात इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक तयार होते. त्याचे काम पाळी आणि गर्भधारणा एवढेच, असा आपला समज असतो. पण ते रक्तवाहिन्या लवचीक ठेवते आणि एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवायलाही मदत करते. तरुणपणी स्त्रियांना हृदयविकार पुरुषांपेक्षा कमी होतो, त्याचे हे एक कारण आहे.

आपल्या देशात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, तिथे याला 'रजोनिवृत्ति' असा भारदस्त शब्द होता. आमची आई मात्र "पाळी गेली" एवढेच म्हणे आणि विषय संपवी. खरे तर विषय तिथे सुरू होतो. आधीची काही वर्षे पाळी मागेपुढे होते, अंगातून वाफा निघतात, झोप उडते. याच सुमारास एलडीएल झपाट्याने वाढते, पोटावर चरबी जमते, रक्तवाहिन्या कडक होऊ लागतात. वाफा निघालेल्या कळतात, कोलेस्टेरॉल वाढलेले कळत नाही.

आता पिशवीकडे येऊ. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, तर इस्ट्रोजेन एकदम बंद पडते आणि पस्तिशीतच पाळी गेलेल्या बाईसारखी शरीराची स्थिती होते. हृदयविकाराचा धोकाही लवकर वाढतो. अंडाशये ठेवली तरी ती काही वर्षे आधी थकू शकतात. आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात लमाणी तांड्यांवरील आणि दलित वस्त्यांतील बायकांच्या पिशव्या विनाकारण काढल्याचे प्रकरण २०१५ मध्ये गाजले. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात सांगण्यात आले. त्यात ऊसतोड करणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबतची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांना लागू करायला सांगितली. कर्करोग किंवा न थांबणारा रक्तस्राव असेल तर शस्त्रक्रिया करावीच लागते. पण पांढरे जाते, कंबर दुखते एवढ्यासाठी कोणी पिशवी काढा म्हटले, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. आणि आधीच काढली असेल, तर जुना कागद शोधून अंडाशये ठेवली आहेत का ते पाहा. कित्येकींना हेच ठाऊक नसते.

मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या घ्याव्यात का? एकेकाळी डॉक्टरांनाही तसे वाटे. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांचा एक मोठा अभ्यास २००२ मध्ये मध्येच थांबवावा लागला, कारण संप्रेरके घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात आणि स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हेही खरे. आज वाफांच्या त्रासासाठी, किंवा अंडाशये लवकर गेली असतील तर, डॉक्टर त्या देतात. निव्वळ हृदय सांभाळायला नाही. दुकानातून आपल्या मनाने आणू नयेत.

चाळिशीनंतर वर्षातून एकदा बी.पी., शुगर आणि कोलेस्टेरॉल तपासावे. रोज अर्धा तास चालावे. शेतात राबणाऱ्या मातांना हे मी सांगणार नाही, पण लोणच्या-पापडाचे मीठ त्यांनीही कमी करावे. चुलीचा धूर आणि तंबाखूची मिश्री हृदयाला वाईटच.

मुलांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. बायकांना झटका येतो तेव्हा छातीत कळ येतेच असे नाही. धाप लागते, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळते, घाम फुटतो. आई म्हणेल, "पित्त झालंय रे, जरा पडते." पडू देऊ नका. १०८ ला फोन करा. ब्रिम्स बीदरमध्येच आहे, मोठ्या उपचारासाठी कलबुर्गीला जयदेव रुग्णालय आहे. पण तो रस्ता शंभर किलोमीटरच्या वर, म्हणून पहिला ईसीजी जवळच्या सरकारी दवाखान्यातच काढून घ्यावा.