नर्मदेचं पाणी इंदूरला चढताना वीज जाते कुठे?

इंदूर : राजवाड्याजवळच्या घरात नळाला येणारं पाणी सुमारे 70 किलोमीटरवरून, खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून आलेलं असतं. नर्मदा खाली निमाडात, शहर वर माळव्याच्या पठारावर. पंपांना चारशे मीटरहून जास्त चढ चढावा लागतो. विजेचा हा खर्च एवढा, की जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे बाजारात आणले.

पण सगळी वीज चढण्यातच जात नाही. काही पाइपाशी घासण्यात जाते, आणि हा हिशेब सरळ नाही.

पाणी अगदी संथ असलं की त्याचे थर एकमेकांवरून सरकतात. वेग वाढला की भोवरे उठतात. मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1883 मध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून हा बदल दाखवला. मोठ्या जलवाहिनीत भोवरे असतातच, तरी भिंतीलगत एक पातळ थर शांत राहतो. पाइपाचा खडबडीतपणा त्या थराखाली झाकला गेला, तर पाइप गुळगुळीत असल्यासारखाच वागतो. वेग वाढला की थर आणखी पातळ होतो, खडबडीत टोकं वर येतात आणि प्रत्येकामागे भोवरा तयार होतो. ती ताकद फुकट जाते.

जर्मनीत ग्योटिंगेनच्या प्रयोगशाळेत योहान निकुराड्झे यांनी चाळलेली वाळू पाइपांना आतून चिकटवली आणि दाब मोजला. 1933 मध्ये छापलेल्या त्या आकड्यांतून कळलं, की अशा खडबडीत पाइपात वेग दुप्पट केला तर घर्षणाचा तोटा चौपट होतो. पाणीही दुप्पट जात असल्याने त्या तोट्यापायी लागणारी वीज मात्र आठपट!

पाणबुडीचंही तेच, फक्त तिथे पाण्याऐवजी वस्तू पळते. तळाला शेवाळ, शिंपले चिकटले की इंधन जास्त जळतं. कोकणातले मच्छीमार होडी वर ओढून तळ खरवडतात ते उगाच नाही.

पाइपात हे काम गंज करतो. गंजाच्या गाठींनी आतला व्यास 10 टक्के घटला आणि पाणी तेवढंच ढकलायचं असलं, तर नुसत्या व्यासामुळेच घर्षणाचा तोटा सुमारे 70 टक्के वाढतो. खडबडीतपणाचा भार वेगळा. सौरऊर्जेने युनिटचा दर उतरेल, पण युनिटं तेवढीच लागतील. ती कमी करायची तर पाइप आतून साफ हवा. म्हणूनच नव्या लोखंडी पाइपांना आतून सिमेंटचा गुळगुळीत लेप देतात.