साडेसहाशे शब्दांत स्वतःची ओळख

आपल्याकडे पदवीचे प्रवेश बहुधा गुणांवर अगर प्रवेशपरीक्षेवर होतात. त्यामुळें परदेशांतील महाविद्यालयाच्या अर्जाबरोबर स्वतःविषयीं निबंध लिहिण्याचा प्रसंग आला म्हणजे विद्यार्थी गोंधळतो, आणि त्याच्याबरोबर सारें घर गोंधळतें. परीक्षेंत पुरवण्या जोडण्याची संवय लागलेल्या हाताला येथें उलट आज्ञा होते : इतकेंच लिहा, अधिक नको.

ही मर्यादा कडक असते. अमेरिकेंतील अनेक महाविद्यालयें ‘कॉमन ॲप्लिकेशन’ या सामाईक अर्जावरून प्रवेश देतात. त्यांतील मुख्य निबंध किमान २५० व कमाल ६५० शब्दांचा असावा लागतो. त्याहून अधिक मजकूर तो अर्ज स्वीकारीतच नाहीं. कॅलिफोर्निया विद्यापीठ आठांपैकीं चार प्रश्नांचीं उत्तरें मागतें, प्रत्येक उत्तर फार तर ३५० शब्दांचें. ब्रिटनमध्यें २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळून, मोकळ्या जागा धरून, ४,००० अक्षरांत बसवावीं लागतात.

एकत्र कुटुंबांत हा निबंध फुगतो तो प्रेमामुळें. आजोबांना वाटतें, घराण्याची विद्वत्ता यावी. काकांना वाटतें, गणिताचें बक्षीस राहूं नये. आईला गायनाच्या परीक्षा आठवतात. कोणाचेंच म्हणणें खोटें नसतें. परंतु या गर्दींत ज्याच्यासाठीं हा खटाटोप, तो मुलगाच दिसेनासा होतो. वास्तविक बक्षिसें व छंद यांसाठीं त्याच अर्जांत निराळे रकाने असतात. निबंधाचें काम एकच : हा विद्यार्थी विचार कसा करतो, हें परक्या वाचणाराला कळावें.

खारबावच्या वाचकांना याचें उत्तम उदाहरण आपल्याच ठाणें जिल्ह्यांत सांपडेल. कल्याणच्या, १८६५ मध्यें जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनीं जून १८८३ मध्यें अमेरिकेंतून फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठीं पत्र लिहिलें. तेव्हां त्या अठरा वर्षांच्या होत्या. पुस्तक भरेल एवढें सांगण्यासारखें त्यांच्यापाशीं होतें. तरी त्यांचें पत्र आटोपशीर आहे. आप्त व जाति यांच्या विरोधास न जुमानतां आपण आलों, आणि पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना साहाय्य करावयाचें आहे, हा त्या पत्राचा गाभा. त्यांस प्रवेश मिळाला आणि मार्च १८८६ मध्यें त्यांनीं पदवी संपादिली. निश्चय स्पष्ट असला म्हणजे शब्द थोडे पुरतात.

मग कापावें कसें ? पहिला खर्डा मनसोक्त लिहावा व दोन दिवस बाजूस ठेवावा. नंतर शब्द खुडीत बसण्याआधीं अख्खे विषय काढावे. तीन प्रसंग असतील तर एकच ठेवावा. त्यानंतर वाक्यांकडे वळावें. खारबावच्या एखाद्या विद्यार्थ्यानें असें लिहिलें आहे अशी कल्पना करा : ‘लहानपणापासूनच शेती व पर्यावरण या विषयांची मला अत्यंत आवड असून समाजासाठीं कांहीं तरी करावें असें मला नेहमींच मनापासून वाटत आलेलें आहे.’ हे एकवीस शब्द कोणाच्याही निबंधांत शोभतील, म्हणूनच ते टाकाऊ. त्याऐवजीं, ‘खाडीचें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून बांध कसा दुरुस्त करतात, हें मी काकांबरोबर चिखलांत उभा राहून शिकलों.’ सतराच शब्द, आणि तरीही माणूस, स्थळ व वृत्ति तिन्ही डोळ्यांपुढें उभीं राहतात. ‘अत्यंत’, ‘नेहमींच’, ‘मनापासून’ यांसारखे शब्द गाळल्यानें अर्थ उणा होत नाहीं, उलट उजळतो.

शेवटीं निबंध मोठ्यानें वाचावा. जेथें ऐकणाराचें लक्ष ढळतें, तेथें कात्री लावावी. हें ऐकण्याचें काम वडीलधाऱ्यांचें. लेखणी मात्र त्यांनीं हातीं घेऊं नये. कारण हें लेखन माझेंच आहे, असें अर्जदाराला लिहून द्यावें लागतें. मोठ्यांनीं एवढेंच विचारावें : ‘यांत तूं दिसतोस का ?’ आपलें म्हणणें आपणच निवडावयाचें, आणि बाकीचें प्रिय असूनही सोडावयाचें, हा विवेक घर सोडण्यापूर्वीं अंगीं बाणला, तर प्रवेश मिळो वा न मिळो, मुलाचें शिक्षण तेथूनच सुरू झालें म्हणावयाचें.