उठता उठता सांगितलेली खाज

माझ्या दवाखान्यात बायका खालच्या खाजेबद्दल बोलतात ते उठता उठता, दाराशी, हलक्या आवाजात. तोवर बहुतेकींनी मेडिकलमधून आणलेली गजकर्णाची ट्यूब लावून पाहिलेली असते. त्या मलमांत अनेकदा क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवस दबते, नाजूक त्वचा पातळ होत जाते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. मला राग येतो, बाईचा नव्हे. तिला विचारायची सोय न ठेवणाऱ्या घरादाराचा.

कँडिडा ही बुरशी एरवीही अनेकींच्या योनीत थोडी असतेच. अँटिबायोटिक घेतल्यावर, गरोदरपणात किंवा साखर वाढल्यावर ती माजते. खाज, आग, फुटक्या दह्यासारखं पांढरं जाणं, पण वास जवळजवळ नाही. मासळीसारखा वास आला तर आजार बहुधा दुसरा, औषधही दुसरं. योनीत ठेवायची क्लोट्रिमॅझोलची गोळी किंवा फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची तोंडावाटे एकच गोळी बहुतेकींना पुरते. गरोदर बाईने ही तोंडावाटेची गोळी घेऊ नये. तिला क्लोट्रिमॅझोल ७ दिवस ठेवायला देतात. आत साबण, जंतुनाशक, दही, लसूण काहीही घालू नका.

त्रास पहिल्यांदाच होत असेल, गरोदर असाल, ताप, ओटीपोटात दुखणं, फोड किंवा अवेळी रक्त दिसलं, तर आधी तपासून घ्या. वर्षात तीन-चारदा उलटलं तर मी रक्तातली साखर बघते. काहींचा मधुमेह असाच पहिल्यांदा सापडला.