हंगामी पुढारी आणि मंडळींचा हात

‘मंडळी’ हा आपल्या मराठीतला मोठा जिव्हाळ्याचा शब्द आहे. घरी आले ते पाहुणे मंडळी, टाळ घेऊन बसली ती भजनी मंडळी. मराठी ख्रिस्ती समाजाने तर उपासनेसाठी एकत्र येणाऱ्या समुदायाला हेच नाव दिले. या वापरात एक खोल अर्थ दडलेला आहे. देवळाच्या भिंती म्हणजे देवस्थान नव्हे, आणि व्यासपीठावर बसणारा एक माणूस म्हणजेही धर्मसंस्था नव्हे; जमलेली माणसे ही खरी संस्था. ही गोष्ट आपण एरवी मान्य करतो. तिची परीक्षा होते ती पुढारी अचानक जातो तेव्हा. पुजारी वारतात, पाळकांची बदली होते, मठाधिपती थकतात, भजनी मंडळाचे बुवा मुलाकडे शहरात राहावयास जातात. मग चारदोन वजनदार माणसे ओसरीवर बसतात आणि म्हणतात, “नवा माणूस मिळेल तोपर्यंत अमक्याला बसवा.” आजचा आपला विषय हा ‘तोपर्यंत’ आहे.

हा शब्द दिसतो लहान, पण लांबतो फार. तात्पुरता बसलेला माणूस किल्ल्या घेतो, दानपेटी उघडतो, कोणाला बोलवायचे आणि कोणाला वगळायचे हे ठरवू लागतो. सहा महिन्यांत लोकांना त्याची सवय होते आणि त्याला जागेची. पुढे कायमची निवड करावयाची म्हटले, तर ती होऊन गेलेलीच असते! ज्यांना कोणी विचारले नव्हते ते भांडत नाहीत. ते हळूहळू येईनासे होतात. संस्थेला सर्वांत महाग पडते ते हे मुकाट्याने उठून जाणे, कारण त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

आपल्याकडे वारसा ठरविण्याच्या तीन वाटा रूढ आहेत. पहिली वतनाची: बापाच्या मागे मुलगा. दुसरी गुरूच्या आज्ञेची. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली आपल्याच जिल्ह्यातील जांब गावी झाला. त्यांनी ठिकठिकाणी मठ उभारले आणि त्यांवर महंत नेमले ते स्वतः पारखून. तिसरी वाट कायद्याची. पंढरपुरात बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपविणारा कायदा १९७३ साली झाला, आणि त्यावरील दीर्घ वाद सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने जानेवारी २०१४ मध्ये मिटला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागविले. हे पाऊल मोठेच होते. तरीही या तिन्ही वाटांवर एक प्रश्न सहसा विचारला जात नाही: रोज पायरीवर डोके टेकणाऱ्या माणसाला काय वाटते?

हा प्रश्न ज्यांनी प्राणपणाने विचारला अशांचा एक धागा आपल्या जालन्यापर्यंत येऊन पोचतो, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. स्कॉटलंडमध्ये १७१२ च्या कायद्याने गावचा धर्मोपदेशक नेमण्याचा हक्क जमीनदाराकडे होता. मंडळीला नको असलेला माणूस तिच्या माथी मारला जाई. या प्रश्नावर १८ मे १८४३ रोजी एडिंबरो येथे शेकडो धर्मोपदेशक सभेतून उठून बाहेर पडले. पगार, घर, चर्चची इमारत, सारे सोडून त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केले. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी याच पक्षाला मिळाले. त्याच वर्षी मुंबईत नारायण शेषाद्री या मराठी ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती दीक्षा घेतली. पुढे त्यांनी जालन्यात काम केले आणि निजामाच्या राज्यात मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसविली. ज्या पंथात ते वाढले, त्याचा जन्मच ‘आमचा पाळक निवडताना आम्हांला विचारा’ या आग्रहातून झालेला होता.

या पंथाच्या स्कॉटलंडमधील व्यवस्थेत मधल्या काळाची जी योजना आहे, ती धर्म कोणताही असो, समजून घेण्याजोगी आहे. पाळकाची जागा रिकामी झाली की आसपासच्या मंडळ्यांची मिळून जी वरिष्ठ सभा असते, ती एक हंगामी अध्यक्ष नेमते. तो बहुधा शेजारच्या मंडळीचा पाळक असतो. सभा चालविणे, काम खंडित होऊ न देणे आणि निवड नीट पार पाडणे हे त्याचे काम. रिकाम्या जागेचा उमेदवार मात्र त्याला होता येत नाही. दर रविवारची उपासना चालविण्यासाठी निराळा माणूस ठेवता येतो. कायमच्या निवडीसाठी मंडळी आपल्यातून एक समिती निवडते, समिती एक नाव सुचविते, त्या उमेदवाराचा उपदेश सर्वजण ऐकतात आणि मग गुप्त मतदान होते. शेवटी सभासद आमंत्रणपत्रावर सह्या करतात. म्हणजे बाहेरचा अधिकार आणि आतला हात, दोहोंना जागा आहे. अमेरिकेतील कित्येक पंथांत १९७० च्या दशकापासून खास हंगामी पाळकच तयार केले जाऊ लागले. एकदोन वर्षे राहून, जुने मतभेद निस्तरून, पुढच्या माणसासाठी घर झाडून ठेवणे एवढेच त्यांचे कार्य.

पगारी माणूस न आणताही हा काळ निभावता येतो. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे गृहस्थ आपापले व्यवसाय सांभाळून उपासना चालवीत आणि उपदेश करीत. विठ्ठल रामजी शिंदे पूर्ण वेळेचे प्रचारक म्हणून आले ते १९०३ मध्ये. आपल्या भजनी मंडळाला, विहाराला किंवा मशिदीलाही पाळीपाळीने काम वाटून घेण्याचा मार्ग खुला आहे. त्यात एक लाभ असा की कोणामध्ये कोणता गुण आहे हे कळून येते.

आता प्रत्यक्ष रीतीकडे वळू. पहिली गोष्ट, ‘कोण?’ हा प्रश्न शेवटी विचारावा; आधी ‘कोणते काम?’ हे विचारावे. नित्याची पूजा, आजाऱ्याची विचारपूस, लग्नमर्तिकाचे विधी, मुलांची शिकवण, हिशेब, यांपैकी काय थांबवून चालणार नाही? याची यादी सर्वांच्या तोंडून घ्यावी. मोठ्या सभेत चारच जण बोलतात. म्हणून स्त्रियांची, तरुणांची आणि वस्तीवरच्या लोकांची निराळी बैठक घ्यावी. मराठवाड्यातून किती कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात हे आपण जाणतोच. त्यांच्या माघारी निवड उरकणे म्हणजे त्यांना सभासद न मानणे होय. जाण्यापूर्वी त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे.

दुसरी गोष्ट, पाच किंवा सात जणांची समिती सर्वांनी निवडावी. प्रत्येक उमेदवाराची बारीक चौकशी चव्हाट्यावर होऊ नये; ती समितीने बंद दाराआड करावी आणि निष्कर्ष सर्वांपुढे मांडावा. सभासदांचा सहभाग म्हणजे प्रत्येकाने प्रत्येक काम करणे नव्हे.

तिसरी गोष्ट, करार लेखी असावा. मुदत किती, मानधन किती, कोणाला जाब द्यावयाचा. कायमच्या जागेसाठी उभे राहता येणार नाही. जमीन, इमारत आणि नोकरमाणसे यांबाबत मोठा निर्णय घेता येणार नाही. पैशाची पेटी मात्र दुसऱ्याच दोघांकडे असावी. यात त्या माणसावर अविश्वास नाही. उलट त्याला आळ येण्यापासून वाचविण्याची ही तजवीज आहे.

संस्था नोंदलेली असेल तर कायद्याचेही भान हवे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे विश्वस्त किंवा व्यवस्थापक बदलला की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. सभेची रीतसर सूचना, हजेरी आणि ठराव नसेल तर तो बदल वादात सापडतो. मग वर्षानुवर्षे तारखा पडतात आणि देवाचा पैसा वकिलाकडे जातो.

कोणी म्हणेल, निवडणूक म्हटली की ग्रामपंचायतीचे गट देवळात शिरतील. ही भीती खोटी नाही. पण गट असतील तर ते न विचारल्याने नाहीसे होत नाहीत. ते फक्त ओसरीवर बसतात. शिवाय सर्वत्र मतदानच हवे असे नाही. उत्तर भारताच्या चर्चमध्ये पाळक नेमण्याचा अधिकार बिशप आणि धर्मप्रांताकडे असतो, पण स्थानिक समिती सभासदांनी निवडलेली असते. ती आपली गरज लेखी कळवू शकते. मठात अंतिम शब्द गुरूचा असेल, तरी शिष्यांनी आपली निकड सांगण्यात अमर्यादा नाही. निर्णय कोणाचाही असो, ऐकून घेतलेला माणूस आणि डावललेला माणूस यांत अंतर पडते. पहिल्याचे मत मानले गेले नाही तरी तो दुसऱ्या दिवशी सतरंजी अंथरावयास येतो.

श्रोतेहो, नेता असताना मंडळी त्याच्या मागे चालते, यात नवल नाही. रिकाम्या जागेच्या काळात ती स्वतःच्या पायांवर उभी राहण्यास शिकली, तर पुढचा येणारा, मग तो कोणीही असो, तिचा मालक होऊन बसणार नाही. तो तिचा सेवक होईल.