निष्ठा हवी, पण डोळे उघडे ठेवून

नवापूर, बोईसर, तारापूरच्या वस्त्यांत आरोग्याच्या कामाला फिरताना आम्हाला एका स्वभावाची माणसं घरोघरी भेटतात. झोपण्याआधी गॅसचं बटण दोनदा तपासणारी. पाळीवरून परतायला घरच्या माणसाला उशीर झाला की दारात उभी राहणारी. विहाराची वर्गणी न चुकवणारी, मयताला सगळ्यांच्या आधी पोचणारी. कुठलीही गोष्ट ठरवायची तर चार जणांना विचारणारी. लोक त्यांना 'घाबरट' म्हणतात. हा शब्द त्यांच्यावर अन्याय करणारा आहे.

स्वभाव ओळखण्याची 'एनिआग्राम' नावाची एक पद्धत आहे. ऑस्कर इचाझो आणि चिलीचे मनोविकारतज्ज्ञ क्लाउडिओ नारान्हो यांनी १९७०च्या सुमारास तिला आजचं रूप दिलं. तिच्यात नऊ स्वभाव मानले आहेत. त्यातला सहावा म्हणजे निष्ठावान, सुरक्षितता शोधणारा. 'आपल्या पाठीशी कोणी उरलं नाही तर?' ही त्याची मूळ भीती. या पद्धतीला भक्कम शास्त्रीय पुरावा नाही आणि तिच्यावरून आजाराचं निदान होत नाही. तिच्याकडे आरसा म्हणून पाहावं, शिक्का म्हणून नव्हे.

या स्वभावाची दोन रूपं दिसतात. एक जण भीतीने मागे सरतो. दुसरा भीती लपवायला अंगावर धावून जातो, मुकादमाशी भांडतो, गाडी सुसाट पळवतो. मुळात दोघांनाही आधार हवा असतो.

आपल्या भागात भीतीला कारणंही आहेत. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९पासून चालू आहे. शेजारी रासायनिक कारखाने आहेत, त्यांत स्फोट आणि वायुगळती झालेली आपण पाहिली आहे. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८पासून भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा लोक घराबाहेर झोपले. त्यात काम कंत्राटी. अशा ठिकाणी उग्र वास आला की अस्वस्थ होणारी बाई आजारी नसते, ती सावध असते.

अडचण येते ती निष्ठा चुकीच्या जागी बसली की. 'ठेकेदाराने दहा वर्षं भाकरी दिली, त्याच्याकडे हातमोजे कसे मागायचे?' असं म्हणत माणूस उघड्या हाताने रसायन हाताळतो. ज्या सुरक्षिततेसाठी तो गप्प बसतो, तीच तो गमावतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत सांगितलं होतं की, कितीही मोठा माणूस असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. बुद्धांनीही कालामांना केवळ गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, तपासून पाहा, असं सांगितलं. मग ठेकेदाराचं काय घेऊन बसलात?

काय करावं? चिंता वाटली की तिच्यातलं आज आपल्या हातात काय आहे, ते कागदावर लिहा: ईएसआयचं कार्ड, मास्क, बाहेर पडायची वाट. मागणी एकट्याने न करता चौघांनी मिळून करा. रोज दहा मिनिटं आनापान करा. चहा कमी करा. तंबाखू आणि मिश्री सोडा, त्यांनी छातीची धडधड वाढते. घरच्यांनी 'काही होत नाही' म्हणून उडवून लावू नये. 'उशीर झाला तर फोन करीन' म्हणावं, आणि खरंच करावा.

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, भूक गेली, कामावर जाववेना, तर तो निव्वळ स्वभाव समजू नका, डॉक्टरांना दाखवा. शासनाच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. मरावंसं वाटत असेल तर त्याच क्षणी फोन करा, त्या माणसाला एकटं सोडू नका. छातीत दुखून घाम फुटला तर ती भीतीच असेल असं धरून बसू नका, १०८ला फोन लावा.

त्रिशरणात तिसरं शरण संघाचं आहे. वस्तीत वायू आला तर म्हाताऱ्यांना कोण उचलणार, रिक्षा कुणाची, वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडायचा रस्ता कोणता, हे विहाराच्या पुढच्या बैठकीत ठरवा. त्या यादीचं काम आपल्यातल्या सगळ्यात जास्त काळजी करणाऱ्या ताईंना द्या. एवढा बारीक विचार दुसऱ्या कुणी केलेला नसेल.

जयभीम.