विजेची गाडी घेण्याआधी तार पाहा



उसाची बिले जमा झाली की आमच्या गट ऑफिसात बेणे, खते आणि लागणीच्या तारखा यांच्या चौकशा सुरू होतात. अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, विजेवरची चारचाकी घ्यावी म्हणतोय. पोरगं मागं लागलंय. आपल्याकडं चालंल का?"

हा प्रश्न शेतकी खात्याचा नव्हे, हे खरे. पण वस्तीवर गाडी ज्या तारेवर चार्ज व्हायची, त्याच तारेवर पुष्कळदा विहिरीची मोटार चालते आणि त्या मोटारीच्या पाण्यावर आपला ऊस उभा असतो. म्हणून या विषयावर चार शब्द लिहीत आहोत. आपल्याकडे मोटार म्हणजे पाण्याची मोटार. या लेखातही तोच अर्थ घ्यावा. चारचाकीला आम्ही गाडीच म्हणू.

गाडीचा हिशेब

गाडीच्या बॅटरीत किती युनिट वीज मावते, यावर ती किती पळणार हे ठरते. लहान चारचाकीची बॅटरी २० ते ३० युनिटांची असते. एका युनिटात गाडी सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे ३० युनिटांच्या गाडीला एका चार्जिंगमध्ये १८० ते २०० किलोमीटर धरावेत. जाहिरातीतला आकडा याहून मोठा असतो. तो ठरावीक चाचणीतला असतो. आपल्या रस्त्यावर, चार माणसे बसवून, एसी लावून तेवढे अंतर मिळत नाही.

आता खर्च पाहू. महिन्याला १,००० किलोमीटर फिरणे आहे असे समजा. चार्ज करताना थोडी वीज वाया जाते, ती धरून मीटरवर सुमारे १७० युनिट पडतील. हिशेबाला सोपे म्हणून युनिटला १० रुपये धरले तर १,७०० रुपये होतात. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला तेवढ्याच अंतरासाठी ६७ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०० रुपये धरले तरी ६,७०० रुपये झाले. मात्र घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत. वापर वाढला की वरच्या युनिटांचा दर चढतो. तेव्हा आपले मागचे बिल समोर ठेवूनच हिशेब करावा. एवढे करूनही रोजच्या खर्चात ही गाडी स्वस्त पडते, यात शंका नाही.

मग अडते कुठे?

अडते ते तारेपाशी. आपल्याला हॉर्सपॉवरची भाषा चांगली कळते, म्हणून त्याच भाषेत सांगतो. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगवर गाडी लावली तर ती साधारण ३.३ किलोवॅट, म्हणजे जवळजवळ साडेचार हॉर्सपॉवर ओढते. भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर ७.२ किलोवॅटचा असतो, म्हणजे साडेनऊ हॉर्सपॉवर. हमरस्त्यावर ६० किलोवॅटचे जलद चार्जर असतात. त्यांचा भार ८० हॉर्सपॉवर होतो. पाच हॉर्सपॉवरच्या सोळा मोटारी एकदम चालू केल्यासारखेच ते आहे.

आपल्या शिवारातली ६३ केव्हीएची डी.पी. प्रत्यक्षात सुमारे ५० किलोवॅटच भार पेलते. पाच हॉर्सपॉवरच्या बारा मोटारींनी ती भरून जाते. म्हणून जलद चार्जरला स्वतंत्र डी.पी. लागते. तो गावातल्या डी.पी.वर बसवता येत नाही.

पण रोजच्या वापराला जलद चार्जर लागतोच कुठे? दिवसाला ४० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला सहा-सात युनिट लागतात. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर ती दोन-अडीच तासांत भरतात. गाडी रात्रभर दारात उभीच असते. सावकाश चार्जिंग बॅटरीलाही मानवते आणि डी.पी.लाही.

गावठाण आणि वस्ती

ज्यांचे घर गावठाणात आहे त्यांना गावठाणाच्या वाहिनीवरून वीज मिळते. तेथे अधूनमधून लाइट गेली तरी रात्रीत दोन-अडीच तास वीज मिळणे अवघड नाही. मळ्यात वस्ती करून राहणाऱ्या सभासदांची गोष्ट वेगळी आहे. पुष्कळ वस्त्यांना शेतीपंपाच्या वाहिनीवरूनच वीज येते. थ्री फेज वीज ठरावीक तासांपुरती असते आणि बाकीच्या वेळी सिंगल फेजवर दिवे-पंखे चालतात. त्या सिंगल फेजवर कोणी कन्व्हर्टर लावून मोटार चालवतो, कोणी शेगडी लावतो. लाइनीच्या टोकाला व्होल्टेज इतके पडते की ट्यूबलाइट पेटत नाही. तेथे गाडीचा चार्जर एक तर बंद पडतो, नाहीतर शेजाऱ्याचे उरलेले व्होल्टेज ओढून घेतो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या पाहणीतल्या एका वस्तीवर असेच झाले. एका सभासदाच्या मुलाने नवी गाडी आणली आणि मोटारीच्या पेटीतून वायर काढून ती चार्जिंगला लावू लागला. त्या डी.पी.वर आधीच मंजुरीपेक्षा जास्त मोटारी होत्या आणि बहुतेकांना ऑटो स्विच होते. एका रात्री लाइट गेली आणि परत आली तेव्हा सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठल्या. गाडीही चार्जिंगला होतीच. डी.पी. गेली. गाडीनेच ती जाळली असे आम्ही म्हणणार नाही. भरलेल्या बैलगाडीवर आणखी एक पोते टाकावे, तसे ते झाले. दुसरी डी.पी. बसेपर्यंत नऊ दिवस गेले. हलक्या रानातल्या खोडव्याच्या पाण्याची पाळी हुकली. आम्ही पाहणीला गेलो तेव्हा पाने सुरळीसारखी वळली होती. गाडी एकाची, पण पाणी सगळ्यांचे गेले.

यात कायद्याचाही प्रश्न आहे. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना शासनाने २०२४ पासून मोफत विजेची योजना लागू केली, ती पाण्यासाठी आहे. त्या जोडणीवर गाडी चार्ज करणे हा अनधिकृत वापर ठरतो. २००३ च्या वीज कायद्यातील कलम १२६ प्रमाणे त्याची आकारणी दुप्पट दराने होते.

वीज पुरेल का?

काही सभासद विचारतात की सगळ्यांनीच अशा गाड्या घेतल्या तर एवढी वीज आणायची कुठून? नॉर्वे या देशाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथे २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळजवळ नऊ विजेवरच्या होत्या. त्या देशात वीज मुख्यतः धरणांच्या पाण्यावर तयार होते. शिवाय थंडीमुळे तेथील बहुतेक घरे विजेनेच ऊबदार ठेवली जातात. म्हणजे घराघरात जाड तार आणि मोठी जोडणी आधीपासून होती. गाड्या नंतर आल्या. आपल्याकडे गाडी आधी दारात येते आणि तारेचा विचार मागून होतो.

विजेच्या निर्मितीत आपला वाटा आहेच. एक टन ऊस गाळला की २८० ते ३०० किलो बगॅस निघते. सहवीज प्रकल्पात त्यावर वीज तयार होते आणि कारखान्याची गरज भागून उरलेली बाहेर जाते. पण ती मोठ्या वाहिनीत मिसळते, आपल्या डी.पी.वर वेगळी उतरत नाही. शेवटच्या दोनशे मीटरची तार बारीक असेल, तर मागे कितीही वीज असून उपयोग नाही. पाटात पाणी भरपूर आहे पण चारी अरुंद आहे, असेच हे समजावे.

छपरावर सौर पॅनेल बसवणे चांगले. तीन किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी बारा युनिट देतो. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत २०२४ पासून अशा संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरले आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बिना बॅटरीचा साधा संच लाइट गेली की तोही थांबतो. ऊन असले तरी गाडी चार्ज होणार नाही.

गाडी घेण्याआधी

१. वीजबिलावर 'मंजूर भार' पाहावा. तो एक-दोन किलोवॅट असेल तर आधी वाढवून घ्यावा, मग गाडीची नोंदणी करावी.

२. गाडीच्या प्लगसाठी मीटरपासून स्वतंत्र जाड तांब्याची वायर घ्यावी. तिला वेगळा एम.सी.बी. आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच असावा. गुंडाळीची वायर किंवा जोड दिलेली वायर कधीही वापरू नये.

३. अर्थिंग नव्याने करून तपासून घ्यावे. अर्थिंग नसेल तर बऱ्याच गाड्या चार्जच होत नाहीत.

४. उन्हाळ्यात रात्री आठच्या सुमारास आठ दिवस व्होल्टेज मोजून लिहून ठेवावे. ते वारंवार २०० च्या खाली जात असेल, तर आधी डी.पी.साठी सर्वांनी मिळून अर्ज करावा.

५. मोटारीचे ऑटो स्विच काढावेत आणि कपॅसिटर बसवावेत. हे गाडी नसलेल्यांनीही करावे.

६. दवाखान्याची वेळ सांगून येत नाही. बॅटरी एक तृतीयांशाच्या खाली जाऊ देऊ नये.

७. वस्तीवर राहणाऱ्यांनी सुरुवात दुचाकीपासून करावी. तिचा चार्जर एका हॉर्सपॉवरच्या आसपास असतो. ती नीट चालली तर पुढचा विचार करावा.

विजेची गाडी आपल्या भागात चालणार नाही, असे आमचे म्हणणे नाही. गावठाणात घर, पुरेसा मंजूर भार आणि रोजचे फिरणे ठरलेले असेल, तर ती जरूर घ्यावी. पण नवीन रानात ऊस लावताना आपण आधी विहिरीचे पाणी पाहतो आणि मगच सरी सोडतो. गाडीच्या बाबतीतही तोच क्रम सभासदांनी ठेवावा, अशी विनंती आहे.

ऊस विकास अधिकारी